कारागिराचं नाव

चपला भिंतीशी लावून ठेवल्या होत्या. टाचा भिंतीकडं, अंगठे बाहेरच्या बाजूला. माणूस बाहेर पडला की सरळ पायात सरकवून चालू लागेल अशा. तपकिरी, टायरचा तळ ठोकलेल्या, उजव्या पट्ट्यावर निळ्या दोऱ्याचे चार टाके. अकोल्यातल्या एका अजून न उघडलेल्या बारमध्ये, दुपारी सव्वातीनला, एसीच्या गारव्यात, बांबूच्या कमानीखाली त्या दिसल्या आणि वर्षाली थबकली. ते टाके तिच्या आईनं घातले होते. काळा दोरा संपला म्हणून निळा. पोळ्याला ती अंजनगावला गेली तेव्हा आई, पार्वताबाई, ओट्यावर बसून, डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत होती, आणि वर्षालीनंच मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं की हे काय शिवत बसलीस, मी बाबांना अमरावतीहून नवा जोड पाठवते. नवा जोड तिनं पाठवला नव्हता. राहून गेलं होतं. आता चपला इथं होत्या म्हणजे चपलांचा धनी इथंच कुठंतरी होता, आणि तिला वर पाहायचा धीर होत नव्हता.

शेजारी कुलदीप बोलत होता. तो या बारचा मालक. बत्तीस-तेहतीसचा, सहा वर्षं प्रवासी जहाजांवर बारच्या काउंटरमागं उभा राहून आलेला आणि आता अकोल्याला समुद्र दाखवायचं मनावर घेतलेला. बारचं नाव 'निळा टापू'. टिकी बार. टिकी म्हणजे काय हे अकोल्यात कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि वर्षालीलाही तीन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. दक्षिण समुद्रातली बेटं, तिथली लाकडात कोरलेली देवांची तोंडं, गवताची छपरं, नारळ, रम. हे सगळं गोळा करून अमेरिकेतल्या हौशी लोकांनी नव्वदेक वर्षांपूर्वी आपल्या गावात असे बार काढले. बेटांवर मात्र असा बार कधी नव्हताच. म्हणजे मुळातच नक्कल. आणि वर्षालीचं काम काय, तर ती नक्कल किती अस्सल आहे ते तपासायचं. पुण्याची एक कंपनी अशा सजवलेल्या हॉटेलांना तारे देत असे आणि अमरावती विभाग वर्षालीकडं होता. बैलगाडीचा ढाबा, रेल्वेच्या डब्यातलं डोशाचं हॉटेल, आणि आता हे बेट. तिच्या टॅबमध्ये चौसष्ट रकाने होते. लिंबाचा रस त्याच दिवशी पिळलेला हवा. बदामाचं सरबत बाटलीतलं नको, घरी घोटलेलं हवं. मुखवटे लाकडाचे हवेत, फायबरचे दिसले की गुण कापायचे. बांबूवर ती नख ओढून पाहायची, कारण पुष्कळदा बांबू म्हणून रंगवलेला प्लास्टिकचा पाइप निघायचा. हॉटेलवाले तिला मागं नखवाली मॅडम म्हणत. हे तिला कळलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

आता त्याच नखवाल्या मॅडम कुलदीपला लिंबं कुठून आणता असं विचारत होत्या आणि उत्तर ऐकत नव्हत्या. ती चालत राहिली. चालत राहिलं की वर पाहावं लागत नाही. समोर बेटाचा मधला भाग होता. गोल झोपडीसारखं छप्पर, खाली काउंटर, आणि काउंटरला वेढा घालून ओल्या काळ्या मातीचा वाफा. वाफ्यात शेवरीच्या कोवळ्या काठ्या रोवलेल्या आणि प्रत्येक काठीवर हात-दीड हात चढलेली हिरवी वेल. पानं तिनं लांबूनच ओळखली. ती नागवेल होती. खायच्या पानाची. कुलदीप कौतुकानं सांगत होता की हे आमचं जंगल, शंभर टक्के जिवंत, एकही पान प्लास्टिकचं नाही. तिचा पाय वाफ्याच्या काठावर पडणार तेवढ्यात वरून आवाज आला.

"मॅडम, चपला तेवढ्या भायेर काढा जी. वेल हाय तिथं."

तिनं वर पाहिलं. बांबूच्या शिडीवर, छपराच्या कडेला, तोंडात लव्हाळ्याची पाती धरून तिचे वडील उभे होते. नत्थुजी येऊल, वय अडुसष्ट, मुक्काम अंजनगाव सुर्जी. अंगात बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर पांढरा दुपट्टा. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं पाहिलं, आणि पुन्हा आपल्या बांबूकडं वळले. चेहऱ्यावर काही नव्हतं. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या बाईला माणूस जितकं पाहतो तितकंच पाहिलं. मॅडम म्हणाले. आणि वर्षाली, जिनं त्या क्षणी 'बाबा' एवढी दोनच अक्षरं म्हणायची होती, ती "अच्छा, सॉरी" म्हणाली आणि सँडल काढायला मागं वळली.

बाहेर रस्ता खोदून ठेवला होता. ऑटोवाल्यानं तिला नालीच्या कडेला सोडलं होतं आणि तिथून दारापर्यंत ती चिखलातूनच आली होती. सँडलच्या तळाला बोटभर काळी माती चिकटलेली. तिनं कमानीजवळ त्या घाईघाईत काढल्या, एक आडवी, एक उलटी, आणि अनवाणी परत आली. कुलदीप हसून म्हणाला, की आमच्या बाबाजींची अट आहे, वेलीजवळ पायताण चालत नाही, आधी आम्ही हसलो, मग वाटलं की हे तर मस्तच आहे, गिऱ्हाइकांनाही चपला काढायला लावू, बेटावरची रीत म्हणून सांगू. तिच्या तळपायांना फरशी गार लागत होती. बेटावरची रीत. तिनं मान डोलावली. या खुळचट मान डोलावण्याची तिला पुढं किती वर्षं आठवण येत राहील ते तेव्हाच तिला कळलं असावं, कारण कान तापले.

आताही वेळ गेली नव्हती. हे माझे वडील. तीन शब्द. पण तीन शब्दांनंतर काय होतं तेही तिला पाठ होतं, कारण नियमावली तिनंच मराठीत उतरवली होती. तपासनिसाच्या नात्यातल्या माणसाचं काम असेल तर तपासणी तिथंच थांबवायची, पुण्याला कळवायचं, दुसरा माणूस येणार. कुलदीपचं उद्घाटन चार दिवसांवर होतं, ते लांबलं असतं. तिची पुण्याची बढती दिवाळीत ठरायची होती. कुणीतरी विचारलंच असतं की वडील तिथं कामाला आहेत हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं काय. आणि खरंच ठाऊक नव्हतं, हे तर सांगायला आणखीच लाज वाटण्यासारखं. बाबा अकोल्याला मांडवाच्या कामावर जातात एवढं आई फोनवर म्हणाली होती. कसला मांडव, कुठला मांडव, तिनं विचारलं नव्हतं. लग्नाचा असेल असं धरून चालली होती. पण ही सगळी कारणं तिनं नंतर गोळा केली. "अच्छा, सॉरी" म्हणताना तिच्या मनात यातलं एकही नव्हतं. तेव्हा फक्त त्या धोतराकडं पाहून, कुलदीप शेजारी उभा असताना, तिची जीभ आपसूक आत गेली होती. पहिल्यांदा गेली तशीच.

पहिल्यांदा गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. अमरावतीला होस्टेलवर राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मंजुषा म्हणून एक मैत्रीण होती, वडील बँकेत, घरी कार, आणि बोलताना जराशी नाक उडवायची सवय. तिला पानमळा पाहायचा होता. वर्षाली तिला घेऊन अंजनगावला आली. वाटेत नाला लागतो, तिथं दुसऱ्या कुणीतरी रोगानं गेलेला आपला मळा उपटून सडके वेल टाकून दिले होते. मंजुषानं नाकाला रुमाल लावला आणि त्या दोघी त्या सडक्या वेलांवरूनच पाय देत पलीकडं गेल्या. मग आला बाबांचा मळा. बाहेरून पाहाल तर नुसतं काटक्या-गवताचं कुंपण, आत शिरलं की भर उन्हाळ्यात हिरवा अंधार, गारवा आणि पानांचा तो तिखट ओला वास. तीन पिढ्यांचा मळा. दारात एक चपटा दगड होता. त्या दगडाशी पायताण काढायचं, पाय धुवायचे आणि मगच आत जायचं. बाबा जात, गडी जात, पानं घ्यायला आलेला व्यापारी जाई. लहानपणी वर्षालीला वाटायचं की आत कोणीतरी झोपलेलं आहे म्हणून सगळे असे पाय न वाजवता चालतात. मंजुषा दगडाजवळ थांबली, तिनं आपल्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं, आतल्या ओल्या जमिनीकडं पाहिलं आणि विचारलं, "काढावे लागतात का गं? देवळासारखं?" त्या 'देवळासारखं'मध्ये एवढंसं हसू होतं. तेवढ्या हशापायी वर्षाली म्हणाली, "छे गं. आमच्याकडं असलं काही पाळत नाहीत." आणि तिला पटावं म्हणून स्वतःच सँडल घालून पुढं शिरली.

महिन्याभरात मधल्या ओळीतले वेल बुडातून काळे पडले. हात लावला की सालपट निघून येई. मग शेजारची ओळ, मग तिच्या पलीकडची. रोग जमिनीतला असतो, पायाला लागलेल्या मातीतून येतो, हे ती कॉलेजात शिकली. त्याच वर्षी, दुसऱ्या सहामाहीत. म्हाताऱ्यांची रीत म्हणून जिला ती हसली होती तिच्यात बुरशीचं अख्खं शास्त्र होतं, आणि परीक्षेत तिनं त्या प्रश्नाला दहापैकी नऊ गुण मिळवले. आजूबाजूचे मळेवाले जमले होते तो दिवस तिला जसाच्या तसा आठवतो. मधल्या ओळीत, जिथं पाणी कमी पोचतं, तिथं पावलांचे ठसे वाळून राहिले होते. बारीक टाचेचे. कोण गेलं होतं आत, असा प्रश्न झाला. गड्यांवर नजरा गेल्या. मेळघाटातून आलेला देवमन कास्देकर तेव्हा मळ्यात होता. सगळ्यांत जुना गडी तोच, आणि बाहेरगावचा म्हणून सगळ्यांत आधी नजरा त्याच्याकडंच वळल्या. वर्षाली मळ्याला लागूनच असलेल्या घराच्या दारामागं उभी होती आणि बाबांचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. "कोनी नाई गेलं. मीच गेलतो. पायात जोडे व्हते, ध्यानात राह्यलं नाई." लोकांनी ठशांकडं पाहिलं, बाबांच्या फताड्या पायांकडं पाहिलं. नत्थुजींचा पाय एकाएकी एवढा लहान कसा झाला हे कुणी विचारलं नाही. वयात आलेली पोर घरात असली की गाव कधी कधी असं समजूतदारपणे वागतं. पण वर्षभर कुणी बाबांना आपल्या मळ्यात पाऊल टाकू दिलं नाही. ते कुंपणाबाहेर उभे राहून बोलत. आणि दोन वर्षांत तो मळा संपला.

बाबांना ठाऊक होतं काय, हा प्रश्न तिनं सतरा वर्षं सांभाळला. ठाऊक नसणार, असंच तिनं स्वतःला समजावलं. देवमनला वाचवायला म्हणाले असतील. मनानं मोठे आहेत. तसं समजलं की त्यांच्या मोठेपणाचा अभिमान बाळगता येतो आणि आपण त्यात कुठं येत नाही. एक गोष्ट मात्र या समजुतीत बसायची नाही. मंजुषाला मळ्यात नेलं त्या रात्री तिनं सँडल कणगीच्या मागं लपवल्या होत्या, चिखलासकट. सकाळी त्या ओट्यावर उन्हात वाळत होत्या, धुतलेल्या. आईनं धुतल्या असतील. आईला घरातलं सगळंच सापडतं. तिनं आईला कधी विचारलं नाही आणि आईनंही कधी विषय काढला नाही.

कुलदीपनं तिला काउंटरवर बसवलं. मातीच्या, देवाचं तोंड असलेल्या मगात त्यानं काहीतरी बनवून दिलं. एक घोट घेणं हा कामाचाच भाग होता. लिंबू ताजं होतं. बदाम घरी घोटलेले होते. मुखवटे सागाचे, कोरणाऱ्याचा हात जरा घाईचा, पण लाकूड खरं. ती गुण देत गेली. आणि मग छप्पर. रकाना चाळीस, छपराचं गवत आणि बांधणी. त्यासाठी तिला मान वर करून पाहणं भागच होतं. वर पाहिलं तर डोक्यावर शेकडो गाठी होत्या. खिळा नाही, तार नाही, प्लास्टिकची पट्टी नाही. लव्हाळ्याची पाती ओली करून अडीच वेढे आणि शेवट डावीकडून आत दाबलेला. वेल वाढली की गाठीनं तिला चिरू नये, आणि एक टोक ओढलं की सगळी सुटावी, म्हणून पानमळ्यात ती अशी बांधायची असते. मळा उतरवताना, म्हणजे वाढलेले वेल काठ्यांवरून सोडून खाली घेताना, ती हजारो वेळा सोडावी आणि पुन्हा बांधावी लागते. लहानपणी ती बाबांच्या शेजारी उकिडवी बसून लव्हाळ्याची पाती भिजवायची आणि एकेक करून त्यांच्या हातात द्यायची. अडीच का, तीन का नाही, असं तिनं एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, दोन वेढे आपले, अर्धा वेलीचा. एवढंच. तिला वाटलं होतं बाबा काहीतरीच सांगतात. आता ती त्या अर्ध्या वेढ्याकडं पाहत होती आणि नख पुढं करून ओढून पाहायची तिची हिंमत नव्हती. दहापैकी दहा. तिनं दहाला बोट लावलं आणि टॅबवर हिरवी खूण उमटली.

रकाना एक्केचाळीस. कारागिराचं नाव आणि गाव. हा रकाना तिच्याच डोक्यातून निघाला होता. मागच्या वर्षी पुण्याच्या बैठकीत तिनं उठून सांगितलं होतं, की ज्यानं हातानं काम केलं त्याचं नाव पितळी पाटीवर कोरून त्या कामाच्या खाली लावलं पाहिजे, नाहीतर आपण कसला खरेपणा तपासतो. टाळ्या वाजल्या होत्या. बढतीचं बोलणं तिथून सुरू झालं. कुलदीप आता जरासा पुढं वाकून म्हणाला, मॅडम, तिथं 'बालीहून आलेला चमू' असं टाकलं तर चालेल का, पाटीवर बरं दिसतं. आणि तिच्या तोंडून, सवयीनं, फटकन उत्तर निघून गेलं, की अजिबात चालणार नाही, ज्यानं बांधलं त्याचंच नाव पाहिजे, त्याच्या तोंडून ऐकून मी लिहिते. बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. कुलदीपला राग आला नाही. उलट तो खूश झाला. बाबाजी आहेतच भारी, नागपूरला माझ्या मित्राचा असाच बार होतोय, पाटीवर नाव आलं की तिकडून बोलावणं येईल. त्यानं हाक मारली. बाबाजी, खाली या, मॅडमना नाव पाहिजे.

नत्थुजी शिडीवरून उतरले. उतरून, हात दुपट्ट्याला पुसत पुसत ते कमानीकडं गेले, पाणी पिऊन येतो म्हणाले, आणि बराच वेळ आले नाहीत. तेवढ्या वेळात वर्षालीनं किती तरी गोष्टी ठरवल्या. ते 'नत्थुजी येऊल' म्हणतील, आणि तिच्या ओळखपत्रावर 'वर्षाली नत्थुजी येऊल' असं इंचभर अक्षरात आहे. कुलदीप वाचेल, आणि मग बोलावंच लागेल. बरं होईल. आपल्याला बोलायला जमत नाही, पण घडलं तर घडेल. तिला खरोखर सुटल्यासारखं वाटू लागलं. मी सांगणारच होते, असं ती म्हणेल. हे माझे वडील, कामाच्या वेळी आम्ही ओळख दाखवत नाही, असंही म्हणता येईल. तेही बरं दिसेल. ती मनात वाक्य जुळवत होती आणि ते छान जुळत होतं, त्याची तिला किळस येत होती. मघाशी ओढणीखाली सारलेलं ओळखपत्र तिनं काढून वर घेतलं. मग पुन्हा जरासं आत सारलं. असं दोनदा केलं.

ते येऊन उभे राहिले. काउंटरच्या पलीकडं, वाफ्याच्या कडेला, अनवाणी. जवळून पाहिल्यावर त्यांच्या मानेवर गवताचा भुसा दिसला. दुपट्टा खांद्यावर नव्हता, गोळा करून हातात धरला होता.

"नाव काय तुमचं?" वर्षालीनं विचारलं. प्रमाण मराठीत, टॅबकडं पाहत.

त्यांनी दुपट्ट्याचा गोळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तिला वाटलं ते तिच्याकडं पाहताहेत, आणि तिनं मान वर केली. ते पाहत नव्हते. ओळखपत्राची फीत तिच्या ओढणीखाली जिथं गेली होती तिथं त्यांची नजर एकदा टेकून गेली होती एवढंच.

"देवमन," ते म्हणाले. "देवमन कास्देकर. गाव धारनीकडलं."

कुलदीप चमकला. नत्थुजी नाही का तुमचं नाव, असं त्यानं विचारलं. ते म्हणाले, नत्थुजी लोक म्हणतात, कागदावर देवमनच. मग, जणू याहून जास्त खोटं आपल्याच्यानं बोलवणार नाही म्हणून, हलकेच पुढं बोलले, "गाठ त्याचीच व्हय जी. त्यानंच शिकवली." कुलदीपला या 'त्यानं'चा अर्थ लागला नाही. वर्षालीला लागला. गाठ खरोखरच देवमनची होती. देवमन वारून सहा वर्षं झाली, आणि बाबांना खोटं बोलायचं झालं तेव्हाही त्यांनी त्यातल्या त्यात खरं खोटं निवडलं होतं. तिच्यासाठी त्यांनी आपलं नाव काढून ठेवलं. दारातल्या दगडाशी जोडे काढतात तसं.

आता तरी. तिचं बोट टॅबवर थांबलेलं होतं. आता तरी म्हण. कुलदीप वाट पाहत होता, सौजन्यानं, हसऱ्या तोंडानं. बाबा वाट पाहत नव्हते. ती बोलणार नाही हे धरूनच ते उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाची एक रेघसुद्धा नव्हती. असती तर तिला बोलता आलं असतं. तिनं 'दे' लिहिलं. मग 'व'. अंगठ्यानं एकेक अक्षर शोधून तिनं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि खाली जिथं 'मी ही माहिती प्रत्यक्ष खात्री करून भरली आहे' असं असतं तिथं आपली सही केली. चौसष्ट रकान्यांत चुकीचा मजकूर असा एकच होता. पुण्याला कुणी तो ओळखणार नव्हतं. पाटी पितळेची होणार होती, म्हणजे टिकणार होती.

एकूण गुण चांगले आले. कुलदीपनं हात जोडले, चहा घ्या म्हणाला. तिला अमरावतीची गाडी गाठायची होती, म्हणजे तसं तिनं सांगितलं. बाबा परत शिडीवर चढले होते. निघताना तिनं त्यांच्या दिशेनं "येते" असं म्हटलं, कुणालाही म्हणावं तसं, आणि वरून "हाव जी" असं उत्तर आलं. तोंडात लव्हाळा होता, त्यामुळं शब्द जरा भरडला. शिडीच्या खालच्या पायरीवर त्यांचा दुपट्टा टाकलेला होता. त्याच्या पांढऱ्या कापडाला काळ्या, ओल्या चिखलाचे मोठे मोठे डाग होते. सकाळपासून गवतात काम करणाऱ्या माणसाच्या दुपट्ट्याला चिखल कुठून लागला, असा एक साधा, तपासनिसाचा प्रश्न तिच्या मनात आला आणि ती कमानीकडं चालत राहिली.

सँडल भिंतीशी लावून ठेवल्या होत्या. टायरच्या तळाच्या चपलांच्या शेजारी. टाचा भिंतीकडं, अंगठे बाहेर. तिनं एक उचलून उलटी केली. तळ स्वच्छ होता. रेघारेघांच्या खाचांत माती असते, ती काडीनं कोरून काढल्याशिवाय निघत नाही. तीही काढलेली होती. टाचेच्या आतल्या अंगाला अजून ओल होती. ती तशीच, एक सँडल हातात धरून उभी राहिली, आणि अंजनगावच्या ओट्यावरचं ते सकाळचं ऊन, उन्हात ठेवलेल्या दोन सँडल, आणि त्यांचे अंगठेही बाहेरच्या बाजूला होते हे, सतरा वर्षांनी, तिला दिसलं. आई चपला धुते तेव्हा ओट्याच्या कठड्याला उभ्या टेकवते. आई अशा कधीच ठेवत नाही.

म्हणजे आधी बाबांनी धुतल्या होत्या. मग लोकांसमोर जाऊन मीच गेलतो म्हणाले होते.

तिला त्या पायात घालवेनात. वाकून पाहिलं, पाय पुढं केला, मागं घेतला. मागं छपरात लव्हाळ्याची पाती ओढल्याचा बारीक आवाज येत होता, मग थोडं थांबून पुन्हा. परत आत जाऊन शिडीखाली उभं राहायला पंधरा पावलं होती. तिनं ती मोजली. मग दोन्ही सँडल हातात घेऊन ती काचेचं दार ढकलून बाहेर आली, खोदलेल्या रस्त्यावरून, चिखलातून, अनवाणी, नालीच्या कडेपर्यंत. ऑटोवाला उभाच होता. त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं.

"काय झालं ताई, चप्पल तुटली काय?"

"हो," वर्षाली म्हणाली. "तुटली." आणि आत बसली.